ज्या गावाचे परदेशी कोणी नाही



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आयुष्यभर आपल्या विद्यार्थ्यांना गाव सोडून जाण्यास लायक केले, आणि गेलेल्या प्रत्येकास पोस्टकार्डाने गावचे वर्तमान कळविण्याचा परिपाठ अखेरपर्यंत ठेवला, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांच्या अनुभवातील आहे. तेव्हा त्यांच्या नावाने बोलावयाचे तर दूर गेलेल्या माणसांनी मागे राहिलेल्या गावांसाठी काय केले आणि काय करावयास हवे, याहून अधिक उचित विषय मला सुचला नाही. परदेशस्थ भारतीयांनी ग्रामीण भागातील लोककार्यास जे साहाय्य केले त्याची स्तुती आपण वारंवार ऐकतो, आणि त्यांच्याविषयीची कुरकुरही ऐकतो. स्तुतीच्या वा कुरकुरीच्या भरात न पडता, मला निकट परिचयाच्या वाटणाऱ्या दोन-तीन उदाहरणांच्या आधाराने या साहाय्याचे मर्म कशात आहे हे आज पाहावे, असा माझा मानस आहे.

समुद्रापलीकडे जाण्याच्या कितीतरी आधी आमच्या लोकांनी आगबोटीने मुंबई गाठली होती. रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरींवर जगतो असे म्हणण्याची त्या काळी रीतच होती. परळ-लालबागच्या चाळींतून एकेका गावाची एकेक खोली असे. तीत पंधरा-वीस गिरणीकामगार आपापल्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने निजत, आणि त्याच खोलीत महिन्यातील एखाद्या रविवारी ग्रामस्थ मंडळाची बैठक भरे. अशा एका मंडळाची जमाखर्चाची जुनी वही मला पाहावयास मिळाली. लाल कापडी बांधणीची, लांबट आकाराची ती वही. डाव्या बाजूस वर्गणीदारांची नावे, उजव्या बाजूस खर्चाच्या बाबी : शाळेच्या कौलांस, मास्तरांच्या खोलीच्या भाड्यास, विहिरीच्या रहाटास दोर, पालखीच्या डागडुजीस. त्या वहीतील एका वर्षाच्या अखेरीस, शाई बदललेली दिसते अशा अक्षरांत, एक शेरा आहे : हिशेब शिमग्यास गावी वाचून दाखविला, कौलांच्या रकमेबद्दल हरकत निघाली, पावती पाहून पुढील वर्षी खुलासा करावा. आणि पुढील वर्षाच्या पहिल्या पानावर तो खुलासा आहे, पावतीच्या क्रमांकासह.

मला त्या वहीतील वर्गणीच्या रकमांपेक्षा हा शेरा मोलाचा वाटतो. पैसा पाठविणारा मनुष्य गिरणीत घाम गाळीत होता, आणि हरकत घेणारा मनुष्य बहुधा त्या वर्षी एक आणाही वर्गणी न दिलेला, गावीच राहून नाचणी-वरी पिकविणारा कोणी चुलता असेल. तरी त्याच्या हरकतीची नोंद झाली, कारण मुंबईस गेलेला चाकरमानी गावकीतून बाहेर पडलेला नव्हता. त्याचा बाप कोण, त्याच्या घरावरील कर्ज किती, त्याने धाकट्या भावास कसे वागविले, हे सारे गावास ठाऊक होते, आणि त्यामुळे दात्यास देणगी देऊन वरचढ होण्याची सोय नव्हती.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. ही मंडळे वाडीवार असत, आणि वाडी म्हणजे बहुधा जात. बौद्धवाडीचे मंडळ निराळे, तिची विहीर निराळी, आणि तिच्या वर्गणीचे मान तिच्या लोकांच्या मिळकतीप्रमाणे तुटपुंजे. ज्या वाडीचे कोणीच मुंबईस नोकरीला लागले नाही, तिला मंडळच नव्हते. पुढे हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर, महासागर ओलांडून घडली. पंजाबातील दोआबातून कॅनडा व इंग्लंड येथे गेलेल्यांनी, गुजरातेतील चरोतरातून आफ्रिका व इंग्लंड येथे गेलेल्यांनी, कच्छातील लेवा पाटीदारांनी आपापल्या गावांसाठी जे केले ते खरोखर नेत्रदीपक आहे. होशियारपूर जिल्ह्यातील खरौडी या गावी कॅनडास्थित ग्रामपुत्रांच्या पुढाकाराने भूमिगत गटारे, सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची तजवीज, पक्के रस्ते व दिवे झाले, आणि ते पाहण्यास राष्ट्रपती अब्दुल कलाम 2003 साली तेथे गेले. अशा कार्यास नावे ठेवण्याचे कोणास काही कारण नाही. मात्र हा ओघ ज्या पाटाने वाहतो तो पाट स्थलांतराने खणलेला आहे, हे आपण विसरू नये. ज्या गावातून माणसे गेली, तेथेच द्रव्य परत येते. आणि परदेशी जाण्यास शिक्षण, जमीन, जातभाईंचा आधार, निदान तिकिटापुरते कर्ज देणारा सावकार तरी लागतो. सातपुड्याच्या अक्राणी महालातील भिल्ल-पावरा पाड्याचा न्यू जर्सीत कोण आहे? गडचिरोलीतील माडिया गोंडाचा टोरंटोत कोण आहे? ज्यांना साहाय्याची निकड सर्वांत जास्त, त्यांच्याकडे हे साहाय्य आपोआप कधीच पोचत नाही.

म्हणूनच, ज्या परदेशस्थांनी आपल्या जन्मगावाची हद्द ओलांडून, जेथे त्यांचा एकही नातलग नव्हता अशा गावांशी नाते जोडण्याचा संकल्प केला, त्यांचे कार्य मी निराळ्या कोटीतील मानतो. 1974 साली शिकागोत स्थापन झालेली ‘इंडिया डेव्हलपमेंट सर्व्हिस’, 1991 साली मेरीलँड विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे संशोधक रवी कुचीमंची यांनी सुरू केलेली ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ अथवा ‘एड’, आणि त्याच वर्षी बर्कली येथे संदीप पांडे व त्यांच्या मित्रांनी काढलेली ‘आशा’ ही या कोटीतील ठळक उदाहरणे होत. यांचे बहुसंख्य सभासद विद्यार्थी किंवा नोकरदार. शनिवार-रविवारी विद्यापीठाच्या एखाद्या रिकाम्या वर्गात जमावे, दिनदर्शिका विकून किंवा भोजनाचा कार्यक्रम करून पैसा उभा करावा, भारतातून आलेला एखाद्या लहान संस्थेचा प्रस्ताव सर्वांसमोर वाचावा, त्यावर तास-दोन तास शंका-प्रतिशंका व्हाव्यात, आणि कोणी रजेवर मायदेशी जाणार असेल तर त्याने त्या गावी जाऊन प्रत्यक्ष पाहून यावे, असा सर्वसाधारण क्रम. बाहेरून पाहणाऱ्यास हे काम क्षुल्लक वाटेल. परंतु ओडिशातील एका गावच्या बियाण्याच्या कोठाराबद्दल तेलुगू, तमिळ, मराठी, बंगाली तरुणांनी मिळून विचार करावा, हे दृश्य आपल्या देशातही सहसा दिसत नाही, मग परमुलखात त्याची किंमत किती असेल!

आता प्रश्न असा की, जन्माचे नाते नसलेल्या गावात या माणसांचा अधिकार कोणता? चाकरमान्यास गावकी बांधून ठेवीत होती. यांना कोण बांधणार? देणारा दूर, श्रीमंत, इंग्रजी बोलणारा, आणि घेणारा जवळचा तलाठीसुद्धा ज्याचे ऐकत नाही असा; या विषमतेत दात्याची इच्छा हीच गावाची गरज ठरावयास वेळ लागत नाही. शाळेस संगणक हवेत असे दात्याने ठरविले की मुख्याध्यापक मान डोलावतो, मग शाळेस वीज असो वा नसो. आणि इमारतीस आधी भिंत उभी राहते की दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी, हे पाहणाऱ्यास सांगता येत नाही. या संकटातून सुटण्याचे मार्ग काही थोड्यांनी शोधले, त्यांपैकी दोघांची हकीकत मी थोडी विस्ताराने सांगतो.

पहिली धारवाडकडील. एस. आर. हिरेमठ हे अमेरिकेत शिकलेले व तेथेच चांगल्या पदावर असलेले अभियंते, शिकागोतील उपर्युक्त संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. 1979 साली ते पत्नीसह परतले आणि राणेबेन्नूर तालुक्यातील मेडलेरी या खेड्यात राहू लागले. आरंभीचे काम ग्रामविकासाचे, कोणासही न खुपणारे. परंतु खेड्यात मुक्काम ठोकलेल्या माणसास काही गोष्टी दिसू लागतात, ज्या पंधरा दिवसांच्या रजेत दिसत नाहीत. राज्य सरकार आणि एक खाजगी कारखाना यांच्या संयुक्त कंपनीस सुमारे 30,000 हेक्टर गायराने व पडीक वनजमिनी निलगिरीच्या लागवडीसाठी देण्याचा करार झाला, आणि ज्या माळावर गुरे चरत, जेथून सरपण, गवत, आंबा-चिंच येई, तो माळ गावकऱ्यांच्या हातून निघून चालला. गावच्या विकासाचे कार्य करावयाचे आणि गावचा माळ जाताना गप्प बसावयाचे, हे हिरेमठांस जमण्यासारखे नव्हते. 14 नोव्हेंबर 1987 रोजी कुसनूर येथे लोकांनी निलगिरीची रोपे उपटून त्या जागी आपल्या उपयोगाची झाडे लावली; ‘उपटा आणि लावा’ या अर्थाचे कानडी नाव त्या सत्याग्रहास मिळाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर 1991 साली ती कंपनी गुंडाळली गेली. शिकागोत बसून हिरेमठांनी कितीही द्रव्य धाडले असते, तरी त्या माळाचे रक्षण झाले नसते. आणि तिकडे शिकलेली कागदपत्रे वाचण्याची, कायद्याचे कलम शोधण्याची शिस्त जर गावी आली नसती, तर लोकांच्या संतापास न्यायालयात टिकेल असे रूप मिळणे कठीण होते.

दुसरी हकीकत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील, आणि ती सांगताना मन जड होते. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडिताखाली महाराष्ट्रातील 33 गावे येणार होती, ती सारी अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील, आदिवासींची. धरणाची वीज किती राज्यांना मिळणार याचे कोष्टक वर्षानुवर्षे वाचले जात होते, आणि ज्यांचे घर धरणासाठी जावयाचे त्यांच्या घरात त्या साऱ्या काळात कंदीलच जळत होता. बिलगाव येथे उदई नदीचा धबधबा आहे. नर्मदा बचाव आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी, केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तरुण तंत्रज्ञांनी आणि ‘एड’ने मिळून त्या धबधब्यावर एक लहान जलविद्युत्-संच उभारण्याचे ठरविले. अमेरिकेतून परतलेले रवी कुचीमंची या कामात होते.

या कामातील श्रमविभाग ध्यानात घेण्यासारखा आहे. परदेशस्थ मित्रांनी द्रव्याचा भाग उचलला. तंत्रज्ञांनी पाण्याचा ओघ व उतार मोजून यंत्राचा आराखडा केला. आणि प्रवाहास अडविणारा बांध, त्यातून निघणारा पाट, पाणी साठविण्याची टाकी, तेथून खाली यंत्रघराकडे उतरणारा नळ, यांसाठी लागणारी खोदाई, दगड फोडणे, सिमेंटची पोती डोंगरवाटेने वाहून आणणे, हे सारे गावकऱ्यांनी श्रमदानाने केले. ज्याने तो पाट स्वतः खणला आहे त्यास पाटात गाळ साचला म्हणजे काय करावयाचे ते कोणी शिकवावे लागत नाही. 2003 च्या जानेवारीत संच सुरू झाला. त्याची शक्ती 15 किलोवॉट. म्हणजे साठ वॉटचे अडीचशे दिवे एका वेळी लागावेत, इतकी. मुंबईतील एखाद्या उंच इमारतीच्या उद्वाहनास व पंपास ती पुरणार नाही, परंतु बिलगावातील पाड्यांना आणि आंदोलनाने तेथे चालविलेल्या जीवनशाळेच्या मुलांना ती पुरली. विजेच्या तारेचा खांब कोणाच्या घराजवळ रोवावयाचा, कोणी किती दिवे लावावयाचे, हे ठरविण्यास कोणत्याही कचेरीत अर्ज करावा लागला नाही. लोकांनी बसून ठरविले.

आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ हा चित्रपट 2004 साली आला, आणि त्यातील वीजनिर्मितीच्या कथाभागास या बिलगावची प्रेरणा होती, हे आपणांस ठाऊक असेल. त्या चित्रपटातील गावाचे चित्रीकरण मात्र आपल्या वाईजवळच्या मेणवलीस झाले. त्या चित्रपटाने कित्येक परदेशस्थ तरुणांच्या मनास चटका लावला, आणि मला त्याविषयी आदरच आहे. परंतु चित्रपटात दिवा लागतो, म्हातारीचा चेहरा उजळतो, आणि नायकाचा मायदेशी परतण्याचा निश्चय होतो. बिलगावची कथा तेथे संपत नाही. 2006 साली धरणाची उंची सुमारे 122 मीटरपर्यंत नेण्यास परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षाच्या पावसाळ्यात फुगलेल्या पाण्याने बिलगावचा तो संच गिळून टाकला. ज्या पाण्याने वीज दिली त्याच खोऱ्यातील पाण्याने ती नेली, असे म्हणून काव्य करण्यास मन धजत नाही. कारण येथे निसर्गाचा कोप नव्हता, एक शासकीय निर्णय होता, त्यावर अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, आणि त्या निर्णयाआधी पुनर्वसन पुरे झाले आहे की नाही याची तकरार बुडणारे लोक वर्षानुवर्षे करीत आले होते.

या ठिकाणी त्या परदेशस्थ स्वयंसेवकांची खरी कसोटी लागली. आपण बांधलेली वस्तू बुडाली म्हणून खेद करून दुसऱ्या, अधिक सुरक्षित गावाकडे वळणे त्यांना सहज शक्य होते. आणि देणगी देणाऱ्या सामान्य माणसास वर्षअखेरीच्या अहवालात चालू असलेले यंत्र दाखविणे, बुडालेल्या यंत्रापेक्षा कितीतरी सोयीचे. ‘एड’ने आपल्या कार्यासाठी सेवा, निर्माण आणि संघर्ष ही त्रयी आधीपासून स्वीकारली होती, आणि त्यांतील तिसरे पद केवळ शोभेचे ठेवावयाचे नसेल तर यंत्र बुडविणाऱ्या निर्णयाविरुद्ध गावकऱ्यांच्या बाजूस उभे राहणे प्राप्त होते. अमेरिकेतील शहरांतून त्यांनी या प्रश्नावर सभा घेतल्या, निदर्शने केली, आणि त्यामुळे स्वतःच्याच आप्तेष्टांकडून, देशाच्या प्रगतीत परदेशी बसून बिब्बा घालणारे, असा ठपका घेतला. हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. शाळेच्या खोलीसाठी पैसे देणारा देशभक्त आणि त्याच शाळेखालची जमीन बुडू नये म्हणून बोलणारा देशद्रोही, ही विभागणी ज्यांनी केली त्यांनी दान आणि सोबत यांतील अंतर जाणले नाही.

महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास आणखी एका मार्गाचा निर्देश केला पाहिजे. 1978 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या महाराष्ट्र फाउंडेशनच्या वतीने, सुनील देशमुख यांच्या पुढाकाराने, 1994 पासून साहित्य व समाजकार्य यांसाठी पुरस्कार दिले जातात. देणारे तिकडचे, परंतु निवड इकडच्या जाणत्यांनी करावयाची, हे त्यातील सूत्र. अंधश्रद्धानिर्मूलन, दलित-भटक्यांचे हक्क, स्त्रियांचे प्रश्न, श्रमिकांच्या संघटना, अशा क्षेत्रांत जी माणसे वर्षानुवर्षे कोणाच्या लेखी नव्हती, त्यांच्या कामाची दखल या पुरस्कारांनी घेतली. आपण काय करावे हे कार्यकर्त्यास शिकविण्याचा मोह देशमुखांनी आवरला, हा त्यांचा मोठाच गुण म्हटला पाहिजे. पैसा देणाऱ्यास हा मोह अनावर असतो.

आता थोडे कायद्याविषयी, कारण त्याखेरीज हा विषय अपुरा राहील. परदेशी द्रव्याचे नियमन करणारा कायदा प्रथम 1976 साली, आणीबाणीच्या काळात झाला. 2010 साली तो नव्याने करण्यात आला, आणि 2020 च्या दुरुस्तीने तो पुष्कळच आवळला. परकीय द्रव्य स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती धडगावची असो की धारवाडची, आपले मूळ खाते नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावयाचे. कारभारखर्च पूर्वीच्या निम्म्याऐवजी पाचव्या हिश्श्यावर आणावयाचा. आणि एका संस्थेने असे द्रव्य दुसरीस मुळीच द्यावयाचे नाही. या शेवटच्या अटीने सर्वांत लहान माणूस मारला गेला. दूरच्या पाड्यावरील चार-पाच जणांच्या मंडळास स्वतःची नोंदणी, वार्षिक विवरणपत्रे व लेखापरीक्षकाची फी हे सारे झेपत नसल्यामुळे ते जिल्ह्याच्या मोठ्या संस्थेमार्फत साहाय्य घेई. तो दरवाजा बंद झाला. कारभारखर्चाच्या मर्यादेत कार्यकर्त्याचा पगार व प्रवासही बऱ्याच अंशी मोडतो, म्हणजे भिंतीस पैसा द्यावा, परंतु त्या भिंतींत मुले आणणाऱ्या माणसास देऊ नये, असा विपरीत परिणाम होतो. परदेशी पैशाची तपासणी असावी हे मला मान्य आहे. ज्या वहीचा मी आरंभी उल्लेख केला तिच्यातही तपासणी होतीच. परंतु ती गावाने केलेली होती. दिल्लीत बसलेल्या कारकुनास कौलांची किंमत ठाऊक नसते, आणि कौले बसली की नाही हे पाहण्यास तो येतही नाही.

एक गोष्ट मात्र आपल्यापैकी ज्यांची मुले, भाचे, पुतणे परदेशी आहेत त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याने भारतीय नागरिकत्व सोडलेले नाही, त्याने स्वतःच्या मिळकतीतून बँकेमार्फत पाठविलेला पैसा या कायद्याच्या व्याख्येत परकीय ठरत नाही. तोच पैसा त्याने अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेस दिला, आणि त्या संस्थेने येथे पाठविला, की तो परकीय होतो. नागरिकत्व बदललेल्याचा पैसा तर सरळच परकीय. त्यामुळे नुकतेच गेलेले, अल्प पगाराचे, परंतु अद्याप येथलेच पारपत्र बाळगणारे विद्यार्थी या कामी पुष्कळ उपयोगी पडू शकतील, आणि त्यांच्या लहान रकमांस दफ्तराचा अडथळाही कमी.

अशा तरुणांना मी दोन विनंत्या करीन. आपल्या जन्मगावाबरोबर आणखी एक गाव धरावे, आणि ते असे धरावे की ज्याचे परदेशी कोणी नाही. ते आपल्याच तालुक्यात, बहुतेक आपल्याच वेशीबाहेर सापडेल. आणि तेथे पाठविलेल्या पैशाचा हिशेब इंग्रजी अहवालात छापून आपल्या मित्रमंडळींत फिरविण्यापूर्वी त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जाईल अशी अट स्वतःवर घालून घ्यावी. प्रजासत्ताकदिनी, महाराष्ट्रदिनी, स्वातंत्र्यदिनी आणि गांधीजयंतीस ग्रामसभा भरविण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परदेशस्थ बहुधा नाताळच्या रजेत येतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परततात, त्यामुळे 26 जानेवारीची सभा त्यांना कधीच सापडत नाही. एखाद्या वर्षी रजा पुढे ढकलून, निदान 1 मेचे उन्हाळी दिवस पत्करून, त्यांनी त्या सभेस हजर राहावे. हिशेब मराठीत वाचावा, आणि जेथे पावरी किंवा गोंडी बोलली जाते तेथे त्या भाषेत तोंडी सांगावा. कोणी हरकत घेतली तर ती सभेच्या इतिवृत्तात उतरवून घ्यावी, आणि पुढील सभेपूर्वी पावतीच्या क्रमांकासह तिचा खुलासा करावा.